नको असलेला नफा

गुंतवणुकीसाठी नवे खाते उघडताना जी प्रश्नावली भरून द्यावी लागते, तिच्या नेमकेपणाचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे. वय किती, उत्पन्न किती, जबाबदाऱ्या कोणत्या, ही रक्कम किती वर्षे लागणार नाही, बाजार अचानक कोसळला तर तुम्ही विकून बाहेर पडाल, थांबून राहाल की आणखी खरेदी कराल. माणसाची भीती आणि धीर यांचा अंदाज घेण्यासाठी एकच गोष्ट वेगवेगळ्या बाजूंनी विचारलेली असते. अलीकडे अशीच एक प्रश्नावली पूर्ण करून मी शेवटच्या पानावर सही केली आणि कागद समोरच्या तरुण सल्लागाराकडे सरकवताना थबकले. किती तोटा सोसवेल, हे मला बारकाईने विचारले गेले होते. कोणता नफा सोसवणार नाही, हे मात्र कुठेही विचारलेले नव्हते. मी तसे बोलून दाखवले तेव्हा तो थोडा गोंधळला आणि मग अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, “मॅडम, नफा चांगला असला म्हणजे झाले. तो कुठून आला, याने तुम्हाला काय फरक पडणार?” त्या बोलण्यात उर्मटपणा असता तर मी ते विसरून गेले असते. पण तो खरोखरच विचारत होता, आणि त्याला देण्याजोगे नेमके उत्तर त्या वेळी माझ्यापाशी नव्हते.

तेव्हापासून ते उत्तर मी शोधते आहे.

माझ्या आजोबांपुढे हाच प्रश्न फार सोप्या रूपात उभा राहिला होता. निवृत्तीनंतर हाती आलेली रक्कम त्यांनी बँकेत ठेवली होती. ओळखीतल्या एका गृहस्थांचा व्याजाने पैसे लावण्याचा धंदा होता. ती रक्कम आपल्याकडे दिली तर बँकेहून कितीतरी अधिक व्याज दर महिन्याला घरपोच मिळेल, असे ते येऊन सांगून गेले. आजोबांनी नकार दिला. “ते व्याज कुणाकुणाच्या घरातून उचलून आणले जाईल, हे मला ठाऊक आहे,” एवढेच ते म्हणाले. आजीला हे पटले नाही. व्यवहारात ती आजोबांपेक्षा चोख होती आणि तिचा आक्षेप लोभातून आलेला नव्हता. “तुम्ही नाही दिलेत तर दुसरा कोणी देईल,” ती म्हणाली, “त्या माणसांचे व्याज त्याने एका पैशाने तरी कमी होणार आहे का?” मी तेव्हा लहान होते आणि मनातून आजोबांच्या बाजूची होते, तरी आजीचे म्हणणे खोडून काढता येत नाही, हेही मला जाणवत होते. पुढे नैतिक गुंतवणुकीविषयी जे जे वाचले, त्यातला सर्वांत बळकट आक्षेप मी आजीच्या तोंडून आधीच ऐकलेला होता.

आजोबांना एक गोष्ट उपलब्ध होती, ती आपल्याला नाही. त्यांना कर्जदारांचे चेहरे माहीत होते. आपला पैसा म्युच्युअल फंडात किंवा पेन्शन फंडात जातो, फंड शेकडो कंपन्यांचे शेअर घेतो, त्या कंपन्यांच्या उपकंपन्या आणि पुरवठादार आणखी कुठे कुठे पसरलेले असतात आणि या सगळ्या वाटचालीच्या शेवटी आपल्यासमोर उमटतो तो एक स्वच्छ आकडा. औषधातून आलेला नफा आणि सिगारेटमधून आलेला नफा त्या आकड्यात वेगळे ओळखू येत नाहीत. ऑस्ट्रेलियातील कर्करोगतज्ज्ञ डॉ. ब्रॉनविन किंग यांची हकीकत मला म्हणूनच फार महत्त्वाची वाटते. फुप्फुसाच्या कर्करोगाने ग्रासलेल्या रुग्णांवर त्या उपचार करत होत्या. २०१० मध्ये पेन्शन फंडाच्या प्रतिनिधीशी बोलताना त्यांना कळले की, आपल्याच पगारातून कापली जाणारी रक्कम तंबाखू कंपन्यांमध्येही गुंतवली जात आहे. त्यांनी तसे कधी ठरवले नव्हते. ज्यांनी कोणताच पर्याय निवडलेला नसतो त्यांच्यासाठी आधीच ठरवून ठेवलेल्या पर्यायात त्यांचे पैसे आपोआप गेले होते. पुढे त्यांनी अनेक पेन्शन फंडांना तंबाखूतून बाहेर पडायला राजी केले. पण माझ्या मनात राहिली ती त्या आधीची स्थिती. दिवसभर ज्या आजाराशी झुंजायचे, त्याच आजाराच्या कारणातून आपल्या म्हातारपणाची तरतूद होत राहावी आणि त्याचा आपल्याला पत्ताही नसावा, ही स्थिती एका डॉक्टरपुरती मर्यादित नाही. फंडाच्या मासिक फॅक्टशीटमधली कंपन्यांची यादी आपल्यापैकी किती जण शेवटपर्यंत वाचतात?

अमुक मार्गाने आलेला पैसा नको, असे म्हणण्याची परंपरा मात्र शेअर बाजाराच्या आजच्या रूपापेक्षा खूप जुनी आहे. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या क्वेकर या ख्रिस्ती पंथीयांनी १७५८ च्या वार्षिक सभेत ठरवले की, गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्या सदस्यांना पंथाच्या कारभारात भाग घेता येणार नाही. मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी १७६० मध्ये छापलेल्या पैशाच्या विनियोगावरील प्रवचनात, पैसा जरूर मिळवावा, पण शेजाऱ्याच्या मालमत्तेला, देहाला किंवा आत्म्याला इजा करून मिळवू नये, असे सांगितले आणि मद्याच्या व्यापाराकडे थेट बोट दाखवले. त्याच पंथाशी जोडलेल्या दोघांनी १९७१ मध्ये, व्हिएतनाम युद्धाच्या काळात, युद्धसामग्री बनवणाऱ्या कंपन्या टाळणारा ‘पॅक्स वर्ल्ड’ हा म्युच्युअल फंड सुरू केला. वेस्लींच्या त्या सांगण्यात एक गोष्ट आढळत नाही, ती म्हणजे अधिक परताव्याचे आश्वासन. सन्मार्गाने गेलात तर जास्त कमवाल, असे त्यांनी श्रोत्यांना सांगितले नाही. काही कमाई सोडून द्यावी लागेल, असेच सांगितले.

त्याच युद्धाच्या काळातले एक प्रकरण मी पुन्हा पुन्हा वाचते. १९६८ मध्ये ‘मेडिकल कमिटी फॉर ह्यूमन राइट्स’ या अमेरिकेतील वैद्यकीय क्षेत्रातल्या लोकांच्या संघटनेला डाऊ केमिकल कंपनीचे काही शेअर भेट म्हणून मिळाले. डाऊ तेव्हा नापाम बनवत होती. त्वचेला चिकटून जळत राहणारे ते पेटते द्रावण व्हिएतनाममध्ये विमानांतून टाकले जात होते आणि त्याच्या जखमा म्हणजे काय, हे डॉक्टरांना कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. ते शेअर विकून टाकून हात झटकणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी उलट भागधारकाचा हक्क वापरला. नापाम माणसांवर वापरला जाणार नाही, अशी वाजवी खात्री देणाऱ्यालाच तो विकावा, असा ठराव सर्व भागधारकांपुढे मतदानासाठी ठेवावा, अशी मागणी त्यांनी कंपनीला लिहून कळवली. कंपनीने ती नाकारली आणि अमेरिकेच्या रोखे बाजार नियामकाने कंपनीचे म्हणणे मान्य केले. प्रकरण न्यायालयात गेले. १९७० मध्ये वॉशिंग्टनच्या संघीय अपील न्यायालयाने निर्णय संघटनेच्या बाजूने दिला आणि त्या निकालपत्रात एक निरीक्षण नोंदवले, जे वाचून मी काही वेळ पुढे वाचू शकले नाही. नापाम बनवण्यात कंपनीला फारसा नफा नव्हता, उलट तिची प्रतिमा खराब होत होती, नोकरभरतीत अडचणी येत होत्या. तरीही व्यवस्थापनाने ते उत्पादन चालू ठेवले, कारण ते त्याला नैतिक आणि राजकीय दृष्ट्या योग्य वाटत होते.

म्हणजे नीतीचा विचार करून निर्णय घेतला जात होताच. तो घेण्याचा अधिकार फक्त व्यवस्थापनापाशी होता आणि ज्यांच्या पैशावर कंपनी उभी होती त्यांना विचारले जाऊ नये, असा आग्रह होता. ‘पैशाच्या व्यवहारात नीती आणू नये’ हे वाक्य ऐकले की मला हे निकालपत्र आठवते. पुढे १९७१ मध्ये डाऊने तो ठराव मतदानाला ठेवला. त्याला तीन टक्क्यांहूनही कमी मते मिळाली आणि १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आता या वादात निकाल देण्यासारखे काही उरले नाही, असे म्हणून प्रकरण संपवले. मतांच्या हिशेबात हा पूर्ण पराभव होता. तरीही सामाजिक प्रश्नावरचा ठराव भागधारकांपुढे ठेवण्याची जी वाट आज रुळली आहे, ती ज्या प्रकरणांनी पाडली त्यांत याची गणना होते आणि भागधारक असणे म्हणजे मालक असणे, ही गोष्ट मला अर्थशास्त्राच्या व्याख्येतून समजली नव्हती तितकी या हरलेल्या ठरावातून समजली.

आजीचा आक्षेप मात्र इथेही उभाच आहे, आणि त्याची खरी परीक्षा दक्षिण आफ्रिकेच्या बाबतीत झाली. १९७१ मध्ये धर्मोपदेशक लिऑन सलिव्हन जनरल मोटर्सच्या संचालक मंडळावर आले. त्या मंडळावरचे ते पहिले कृष्णवर्णीय संचालक होते आणि त्याच वर्षीच्या वार्षिक सभेत, कंपनीने वर्णद्वेषी राजवटीतून बाहेर पडावे, या ठरावाच्या बाजूने ते स्वतःच्या सहकाऱ्यांविरुद्ध उभे राहिले. ठराव प्रचंड फरकाने पडला. १९७७ मध्ये त्यांनी तिथे काम करणाऱ्या कंपन्यांसाठी समान वागणुकीची तत्त्वे मांडली, अनेक कंपन्यांनी ती स्वीकारली, आणि १९८७ मध्ये त्यांनीच जाहीर केले की एवढ्याने भागत नाही, कंपन्यांनी तो देश सोडावा. मधल्या काळात विद्यापीठे, चर्च आणि पेन्शन फंड आपले शेअर विकत होते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने नंतर दाखवले की, या विक्रीचा संबंधित कंपन्यांच्या शेअरच्या किमतींवर जाणवण्याजोगा परिणाम झाला नव्हता. एकाने विकले, दुसऱ्याने घेतले. आजी हेच म्हणत होती. पण मला त्या काळातल्या विद्यापीठांच्या विश्वस्तांच्या सभा डोळ्यांपुढे येतात, जिथे विद्यार्थी बाहेर ठाण मांडून बसलेले असत आणि आतल्या माणसांना आपला पैसा कुठे आहे, याचे उत्तर द्यावे लागत असे. अमेरिकेच्या काँग्रेसने १९८६ मध्ये अध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार ओलांडून निर्बंधांचा कायदा केला, तो या सभांशिवाय झाला असता, असे मला वाटत नाही. किमतीचा आलेख ज्या गोष्टी टिपू शकत नाही, त्या घडतच नाहीत, असे मानणे मला मान्य नाही.

तरीही आजीला पूर्ण उत्तर मिळत नाही, आणि ते शोधताना मला जे सापडले ते सुखावह नाही. २००९ मध्ये हॅरिसन हाँग आणि मार्चिन कात्सपेर्चिक या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवले की मद्य, तंबाखू आणि जुगार या धंद्यांतल्या कंपन्यांचे शेअर दीर्घकाळ इतरांपेक्षा अधिक परतावा देत आले आहेत, आणि त्यामागचे एक कारण असे की अनेक मोठ्या संस्था सामाजिक दडपणामुळे ते शेअर घेत नाहीत. हा युक्तिवाद शांतपणे उलगडून पाहण्यासारखा आहे. पुष्कळ लोक एखादा शेअर टाळतात तेव्हा त्याची किंमत कमी राहते. किंमत कमी राहिली की त्या कंपनीला नवे भांडवल महाग पडते आणि तिचा विस्तार अवघड होतो; टाळणाऱ्यांना जे हवे असते ते हेच. पण कमी किमतीत जो तो शेअर घेतो, त्याला त्याच कारणाने जास्त परतावा मिळतो, आणि तो जास्तीचा परतावा टाळणाऱ्याने गमावलेला असतो. याचा सरळ अर्थ असा की, टाळल्याने माझे काहीच कमी झाले नसेल तर बहुधा त्या कंपनीचेही काही बिघडलेले नाही. माझा तोटा आणि तिच्यावरचा परिणाम ही एकाच व्यवहाराची दोन अंगे आहेत. आजोबा एकटे होते म्हणून सावकारीचा दर हलला नाही. पुष्कळ जणांनी नकार दिला असता तर त्या गृहस्थांना ठेवीदारांना आणखी जास्त व्याज कबूल करावे लागले असते आणि आजोबांचा नकार आणखी महाग झाला असता.

म्हणूनच ‘मूल्येही जपा आणि परतावाही जास्त मिळवा’ अशी जाहिरात पाहिली की मला वाईट वाटते. काही वर्षे तसे घडतेही, नाही असे नाही. पण तो नियम आहे, असे सांगणारा माणूस मूल्यांची बाजू मांडत नसतो. परतावा घसरला की मूल्ये सोडून देण्याची परवानगी तो आधीच देऊन ठेवत असतो. याउलट कॅलिफोर्नियाच्या सरकारी कर्मचाऱ्यांचा ‘कॅल्पर्स’ हा अवाढव्य पेन्शन फंड पाहा. या शतकाच्या सुरुवातीला त्याने तंबाखूचे शेअर सोडायचे ठरवले. पुढे सल्लागारांनी हिशेब मांडला तेव्हा त्या निर्णयामुळे हुकलेली कमाई तीन अब्ज डॉलरहून अधिक निघाली. बंदी उठवावी, अशी शिफारस फंडाच्या कर्मचाऱ्यांनीच केली होती. डिसेंबर २०१६ मध्ये मंडळाने ती ऐकून घेतली, आकडा पाहिला आणि बंदी कायम ठेवली, इतकेच नव्हे तर तिचे क्षेत्र वाढवले. हा निर्णय बरोबर होता की नाही, यावर तिथले निवृत्त लोक आजही वाद घालू शकतात. मला त्यातला प्रामाणिकपणा महत्त्वाचा वाटतो: किंमत समोर मांडली गेली आणि ती कळून सवरून मोजली गेली.

पण तो पैसा कुणाचा, हा प्रश्न मी टाळू शकत नाही. माझे पैसे मी सोडू शकते. दुसऱ्याच्या म्हातारपणाची तरतूद माझ्या तत्त्वासाठी कमी करण्याचा हक्क मला कुणी दिला? ब्रिटनमध्ये १९८४ साली हा प्रश्न न्यायालयापुढे आला होता. खाणकामगारांच्या पेन्शन योजनेवरील कामगार प्रतिनिधींनी, आर्थर स्कारगिल यांच्या नेतृत्वाखाली, फंडाचा पैसा परदेशात आणि कोळशाशी स्पर्धा करणाऱ्या तेलासारख्या उद्योगांत जाऊ नये, असा आग्रह धरला. विश्वस्तांनी लाभार्थ्यांचे हित पाहिले पाहिजे आणि पेन्शनच्या बाबतीत ते हित सामान्यतः आर्थिक असते, असा निकाल न्यायमूर्तींनी दिला. माझी सहानुभूती खाणकामगारांकडे जाते, आणि तरीही त्या योजनेवर जगणाऱ्या एखाद्या विधवेचा विचार केला की निकाल चुकला असे म्हणवत नाही. म्हणून मला वाटते की विचारणे आवश्यक आहे. प्रत्येकाला, वेगळे, आणि पैसे गुंतवण्याआधी.

एक अंक देऊन कंपनीला ‘चांगली’ ठरवणाऱ्या मूल्यांकनांवर मात्र माझा विश्वास बसत नाही. सहा संस्थांनी दिलेल्या अशा ईएसजी गुणांची (पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार या निकषांवरच्या गुणांची) तुलना २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने केली, तेव्हा त्यांच्यातला सरासरी सहसंबंध ०.५४ एवढाच निघाला; पूर्ण एकमत असते तर तो १ असता. कर्जफेडीच्या पतमानांकनात मोठ्या संस्थांचे जवळजवळ पूर्ण एकमत असते. फोक्सवॅगनला २०१५ मध्ये शाश्वततेच्या एका नामांकित निर्देशांकात वाहन उद्योगात अग्रस्थान मिळाले आणि त्याच महिन्यात डिझेल गाड्यांच्या धुराच्या चाचण्यांतली तिची फसवणूक उघड झाली. शिवाय प्रदूषण, कामगारांना मिळणारी वागणूक आणि संचालक मंडळाची रचना यांची बेरीज करून सरासरी काढली की जे उरते, ते कुणाचेच मूल्य नसते. ज्याला मद्य वर्ज्य आहे त्याला त्या कंपनीचे सौर पॅनेल दाखवून काय उपयोग? मूल्ये माणसाची असतात, म्हणून ती माणसागणिक वेगळी असणार आणि बदलणारही. शस्त्रनिर्मिती हे वर्षानुवर्षे वगळण्याच्या यादीत ठरलेले नाव होते. २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाल्यावर युरोपातल्या काही बँकांनी आणि फंडांनी त्याचा फेरविचार केला. मी अजून ते वगळतेच, पण ज्यांच्या दाराशी रणगाडे आले त्यांना उपदेश करण्याचे धैर्य माझ्यात नाही.

युरोपीय संघात २ ऑगस्ट २०२२ पासून गुंतवणूक सल्लागारांना ग्राहकाची शाश्वततेविषयीची पसंती विचारणे बंधनकारक झाले, हे मला बरेच उशिरा कळले आणि मनापासून आनंद झाला. मी ज्या प्रश्नाची वाट पाहत होते तो कुठेतरी कायद्यानेच विचारला जाऊ लागला आहे. तो प्रश्न फार तांत्रिक भाषेत विचारला जातो, किती टक्के गुंतवणूक कोणत्या वर्गवारीत हवी, असा. आणि त्यासाठी किती परतावा सोडायची तयारी आहे, हे त्यात येत नाही. मला विचाराल तर पहिल्यापेक्षा हा दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. त्या तरुण सल्लागाराला आज भेटले तर मी एवढेच सांगेन की फरक पडतो, आणि तो किती पडतो हे टक्क्यांतही सांगता येते. मी स्वतःपुरता तो आकडा ठरवला आहे. तंबाखू, जुगार आणि शस्त्रे यांच्यासाठी तो ठरवणे सोपे गेले.

अवघड आहे ते तेल. तंबाखूवाचून जग चालेल; तेलावाचून ते आज चालत नाही, आणि हे लिहिताना माझ्या भोवतीच्या बहुतेक वस्तू त्याच्याच आधाराने इथवर आलेल्या आहेत. तेल विकून श्रीमंत झालेल्या नॉर्वेने आपल्या सरकारी पेन्शन फंडासाठी २००४ मध्ये नैतिकता परिषद नेमली, तंबाखू वगळला, आणि २०१९ मध्ये फक्त तेलाचा शोध व उत्पादन करणाऱ्या कंपन्यांतून बाहेर पडायचे ठरवले. ज्या मोठ्या कंपन्यांचे उद्योग अनेकविध आहेत त्यांत मात्र तो भागधारक राहिला. चर्च ऑफ इंग्लंडच्या गुंतवणूक संस्थांनी दुसरी वाट धरली. त्यांनी वर्षानुवर्षे शेल आणि बीपीसारख्या कंपन्यांशी चर्चा केली, ठराव मांडले, मुदती दिल्या, आणि जून २०२३ मध्ये या कंपन्या पुरेशा बदलल्या नाहीत, असे सांगून त्या सोडून दिल्या. मला चर्चची पद्धत पटते. आत राहून बोलत राहण्याला मुदत नसेल तर ते नुसते शेअर बाळगणेच ठरते. माझ्यासारख्या लहान गुंतवणूकदाराच्या हाती मतदानाचा हक्क थेट नसतो, तो फंडाचा व्यवस्थापक वापरतो. पण त्याने कोणत्या ठरावावर कोणत्या बाजूने मत दिले, हे अनेक देशांत फंडांना जाहीर करावे लागते आणि ती कागदपत्रे कुणालाही वाचता येतात. माझ्या पैशातून ज्या फंडामार्फत तेल कंपन्यांचे शेअर घेतले गेले आहेत, त्याच्या मतांच्या नोंदी मी वाचायला घेतल्या आहेत. हवामानविषयक ठरावांवर बहुतेक ठिकाणी विरोधात मत पडलेले दिसते आणि कारणाच्या रकान्यात एकच ठरावीक वाक्य आहे. मी व्यवस्थापकांना पत्र लिहून त्या मतांची कारणे ठरावागणिक विचारली आहेत, आणि पुढच्या दोन वार्षिक सभांच्या हंगामांत ही मते बदलली नाहीत तर मी तो फंड विकेन, त्यावर लागणारा कर भरेन आणि तेल वगळणाऱ्या फंडाचा जो काही कमी परतावा असेल तो घेईन, हेही त्यात कळवले आहे.